कॉर्डलेस ड्रिल कामात मध्येच थांबतं? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की माझ्याकडे एकाच तक्रारीची मशीनं यायला लागतात. वर्षभर माळ्यावर पडलेलं ड्रिल मखरासाठी खाली काढलं, एक-दोन भोकं पाडली आणि पुढच्याला ते गप्प झालं. दिवाळीच्या आवराआवरीत पुन्हा तेच. नव्या फ्लॅटचा ताबा मिळालेली मंडळी तर बारा महिने येतात, कारण त्यांना पडदे, आरसे, टीव्ही सगळं एकाच आठवड्यात टांगायचं असतं. पिशवीतून मशीन बाहेर निघायच्या आत निदानही सांगून झालेलं असतं: "बॅटरी गेलीये, नवीन केवढ्याला बसेल?"

बॅटरी कधीकधी खरंच गेलेली असते. पण लिथियम बॅटरीच्या आत एक छोटं सर्किट असतं, त्याला आम्ही बीएमएस म्हणतो. सेल फार तापले, मोटरने फार करंट ओढला किंवा व्होल्टेज फार खाली गेलं, की हे सर्किट पुरवठा तोडतं. काही चांगल्या मशीनमध्ये हेच काम करणारं आणखी एक सर्किट ड्रिलच्या आतही असतं. त्यामुळे मध्येच थांबलेलं मशीन बिघडलंय असं लगेच धरून चालू नका. त्याला कोणी आणि कशासाठी थांबवलं, ते आधी बघायचं. "ते कटऑफचं झंझट काढून टाका ना," असं सांगणारे लोकही येतात. त्यांना मी मशीन तसंच परत देतो.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा. पुढचा अर्धा वेळ वाचतो.

- मोकळं फिरतं, पण भिंतीत टेकवून दाबलं की थांबतं. ट्रिगर सोडून परत दाबला की पुन्हा चालतं.
- पाच-दहा मिनिटं नीट चालतं, मग बंद. अर्ध्या तासाने पुन्हा ठणठणीत.
- बॅटरीवरचे तीन दिवे लागलेले असतात आणि अचानक सगळं शून्य.
- बॅटरी थोडी हलवली की चालतं, नाहीतर नाही.
- मोटरचा आवाज येतो, 'कट-कट-कट' वाजतं, पण बिट (पुढे बसवलेलं भोक पाडणारं पातं) फिरत नाही.
- ट्रिगर अर्धा दाबला तर काहीच नाही, पूर्ण दाबला की एकदम फुल स्पीड.
- चार्जरवर लाल दिवा लुकलुकतो, चार्जिंग सुरूच होत नाही.

हात लावण्याआधी

बॅटरी बाहेर काढा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीची सुरुवात हीच आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. वायरवालं मशीन असेल तर माणूस प्लग काढतो, कारण प्लग डोळ्याला दिसतो. कॉर्डलेसमध्ये वीज मुठीतच असते, म्हणून ती विसरली जाते. चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा, हाताने धरून ट्रिगर दाबत बिट घट्ट करण्याची सवय तर चांगल्या चांगल्या मिस्त्रींना असते. चक घसरला की तळहात सोलून निघतो. बिट बदलताना बॅटरी बाहेर, आणि नुसतं मशीन खाली ठेवतानासुद्धा पुढे-मागे फिरवण्याचं बटण मधोमध आणून ठेवा. तिथे ट्रिगर लॉक होतो.

ग्राइंडरला तर हे दुप्पट लागू. लोड येऊन ग्राइंडर थांबतो, माणूस वैतागून बॅटरी काढतो, दुसरी लावतो. स्विच मात्र मघापासून 'चालू'वरच अडकलेला असतो. चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच ग्राइंडरमध्ये अशा वेळी मशीन आपोआप सुरू होऊ नये अशी सोय असते, स्वस्तातल्यांत बहुधा नसते. बॅटरी बसताक्षणी चाक मांडीवर फिरायला लागतं. पुण्यातल्या नऱ्हे-धायरीच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये विचारा, जीन्स फाटलेला एखादा तरी निघेलच. जीन्सवर निभावलं तर नशीब.

१. दिशा, बिट, गिअर: फुकटातली तपासणी

ड्रिल उलटं तर फिरत नाही ना? हसू नका. स्क्रू काढायला बटण उलटं केलेलं असतं, तसंच राहतं. मग बिट भिंत कापत नाही, नुसतं घासत बसतं. तुम्ही जोर वाढवता, मोटर करंट ओढते, बीएमएस तोडते. पाती चुकीच्या बाजूने फिरल्यामुळे बिटचं टोक निळं-काळं पडलेलं दिसतं.

मग बिट बघा. भिंतीसाठी टोकाला कार्बाइडचा चपटा तुकडा बसवलेलं बिट लागतं. लाकडासाठीचं किंवा लोखंडासाठीचं बिट भिंतीत घातलं तर एका भोकात त्याची धार जाते. कार्बाइडचे कोपरे गोल झाले असतील तर बिट संपलं. ५०-१०० रुपयांचं बिट वाचवायला लोक हजारोंची बॅटरी भाजतात.

वरचा सरकता गिअर १ वर ठेवा. १ म्हणजे फिरणं हळू, ताकद जास्त. जाड भोक आणि लांब स्क्रू यांना १, बारीक बिटने लाकडात किंवा पत्र्यात भोक पाडायला २. मोठं काम २ वर केलं तर मोटर अडखळते आणि अडखळलेली मोटर सगळ्यात जास्त करंट खाते.

'कट-कट' आवाजाची तक्रार इथेच मिटते. चकच्या मागची आकड्यांची रिंग म्हणजे क्लच. ती ५ किंवा ८ वर असेल तर ठरलेल्या ताकदीनंतर क्लच मुद्दाम सुटतो, स्क्रूचं डोकं खराब होऊ नये म्हणून. भोक पाडायला रिंग ड्रिलच्या चित्रावर, भिंतीला हातोडीच्या चित्रावर. ही 'दुरुस्ती' करून पैसे घ्यायला मला लाज वाटते, म्हणून आधीच लिहून टाकतोय.

२. भिंत कसली आहे?

पुण्यात हा प्रश्न अलीकडे मोठा झालाय. जुन्या वाड्यातली भिंत विटांची, मातीची किंवा चुन्याची. साधं १२ व्होल्टचं ड्रिलसुद्धा तिथे लोण्यात शिरल्यासारखं जातं, उलट भोक मोठं होणार नाही याची काळजी घ्यावी लागते. कोथरूड-सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांत कॉलम-बीम काँक्रीटचे आणि मधली भिंत विटांची, म्हणून एका ठिकाणी भोक सहज पडतं आणि फूटभर सरकलं की मशीन रडायला लागतं. हिंजवडी, वाकड, खराडीकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमचं शटरिंग लावून अख्खी भिंतच काँक्रीटमध्ये ओतलेली असते, लोक त्याला मिवान म्हणतात. तिथे विटा शोधून सापडणार नाहीत.

घरगुती ड्रिलवर 'हॅमर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ समजून घ्या. त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटला बारीक कंप देतात, आणि तो कंपही तुम्ही मागून किती दाबता यावर अवलंबून असतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवेच्या दाबाने खरा ठोका मारतो, माणसाने फक्त धरायचं. त्याचे बिट एसडीएस प्लस जातीचे, खाचा असलेले, आणि चक चावीशिवायचा. आरसीसीच्या, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीत ६ मिलिमीटरचं एखादं भोक साधं हॅमर ड्रिल पाडेल. १० मिलिमीटरची आठ भोकं पाडायला लावलीत, तर ते थांबणारच, आणि थांबलं ते बरंच झालं.

म्हणून परीक्षा अशी. तेच मशीन, तीच बॅटरी, लाकडाच्या फळीत सलग चार-पाच भोकं पाडा. तिथे विनातक्रार चाललं तर मशीनला दोष देऊ नका. त्या दिवसापुरता रोटरी हॅमर भाड्याने आणा. हार्डवेअरच्या बऱ्याच दुकानांतून मिळतो.

बिट एकदम 'ठक्क' करून अडलं आणि पुढे जाईना, तर आत सळई लागली असण्याची शक्यता आहे. जोर करू नका. बिट अडतं, मोटर फिरत राहते आणि मग फिरतं ते अख्खं ड्रिल, तुमच्या मनगटासकट. बाजूचा हँडल बॉक्समध्ये तसाच पडलेला असतो, तो यासाठीच दिलेला असतो. शिडीवर उभं राहून एका हाताने काम करत असाल तर हा झटका खाली पाडतो. भोक दोन इंच सरकवा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडूच नका, वायरीचे पाइप तिथूनच गेलेले असतात.

३. बॅटरी तापलीये का?

'थोडा वेळ चालतं, मग बंद, मग पुन्हा चालतं' याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. बॅटरी काढून तळहात लावा. धरवत नसेल इतकी गरम असेल तर ती मुद्दाम थांबली आहे. लिथियम सेल साधारण ६० अंशांपर्यंत काम करतात, चार्जिंगला मात्र मर्यादा त्याहून कमी, साधारण ४५ अंशांची. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गच्चीवर पत्र्याच्या शेडचं काम, मध्ये बॅटरी स्कूटरच्या डिकीत. म्हणजे काम सुरू होण्याआधीच ती मर्यादेच्या जवळ पोचलेली असते.

लाल दिवा लुकलुकण्याचंही हेच कारण निघतं. कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर ठेवली की चांगला चार्जर ती थंड होईपर्यंत चार्जिंग सुरू करत नाही. प्रत्येक कंपनीच्या दिव्यांची भाषा वेगळी असते, ती माहितीपुस्तिकेत बघा. सावलीत, पंख्याखाली अर्धा तास ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आतल्या सर्किटवर दव धरतं आणि मग खरोखरचा बिघाड होतो.

अर्ध्या तासाने चार्जिंग सुरू झालं तर प्रश्न मिटला. काहीही काम न करता, नुसती पडून बॅटरी गरम होत असेल तर पुढचं काही करू नका, थेट 'इथे थांबा' वाचा.

४. पट्ट्यांची सफाई

बॅटरी हलवली की चालतं, अशी तक्रार असेल तर मशीन उलटं करून आतल्या धातूच्या पट्ट्या टॉर्चने बघा. सिमेंटची पूड, प्लायचा भुसा, पावसाळ्यानंतर हिरवट-काळसर थर. हा थर करंटला अडवतो. मोकळं फिरताना करंट कमी लागतो, म्हणून चालतं. लोड आला की तिथेच व्होल्टेज पडतं आणि बीएमएसला वाटतं सेल संपले.

कोरड्या जुन्या टूथब्रशने धूळ काढा, मग इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुठेही छोटी बाटली मिळते. पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा गेला की पट्टी आणखी लवकर गंजते. बॅटरीच्या बाजूने काम करताना दोन पट्ट्यांना एकदम टेकेल असं स्क्रूड्रायव्हरसारखं काही वापरू नका, क्षणात शॉर्ट होतो. याच कारणाने सुटी बॅटरी खिळे-स्क्रूच्या पिशवीत टाकायची नसते. सोबत आलेलं प्लास्टिकचं टोपण पहिल्याच दिवशी हरवतं. तर मग जाड पुठ्ठा चिकटपट्टीने लावा.

एखादी पट्टी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये वाकडी बसलेली दिसली तर सफाईने भागणार नाही. ते दुकानातलं काम.

५. शेजाऱ्यांची बॅटरी

सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, त्याच कंपनीची, त्याच मालिकेची बॅटरी कोणाकडे तरी असतेच. ती लावून लाकडात भोक पाडा. तिच्यावर मशीन नीट चाललं तर दोष तुमच्या बॅटरीत किंवा चार्जरमध्ये, तिच्यावरही थांबलं तर मशीनमध्ये. मल्टिमीटर नसला तरी निम्मं निदान होतं. 'बसते' म्हणून दुसऱ्या कंपनीची घासून-पुसून बसवू नका.

६. मल्टिमीटर आणि चार्जर

एक लिथियम सेल नाममात्र ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये असे पाच सेल एकापुढे एक. म्हणजे भरल्यावर २१. खोक्यावर १८, २० किंवा २१ काहीही लिहिलेलं असलं तरी आत बहुधा हेच पाच सेल असतात. '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असे आकडे छापलेली स्वस्त मशीनं बाजारात आहेत. मीटर लावला की त्यातल्या बऱ्याच पॅकवर तेच २१ दिसतात.

मीटर डीसीवर, २०० च्या रेंजला. बॅटरी पूर्ण चार्ज करून तासभर ठेवा, मग अधिक-उणेच्या पट्ट्यांवर प्रोब टेकवा. प्रोब एकमेकांना लागू देऊ नका. २०-२१ दिसलं तर चार्जर आपलं काम करतोय. चार्जर हिरवा झाला तरी १८ च्या आसपासच, तर चार्जर किंवा एखादा सेल. काही पॅकमध्ये बीएमएस बाहेरच्या पट्ट्यांवर व्होल्टेज येऊच देत नाही, त्यामुळे शून्य दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. पाच मिनिटं चार्जरवर ठेवून पुन्हा बघा.

मीटरवर २० आणि लोड देताच बंद, असं असेल तर पाचांतला एखादा सेल थकलाय. तीन दिवे दाखवून अचानक शून्य होण्याचं कारण बहुतेक हेच. दिवे व्होल्टेज दाखवतात, सेलमध्ये दम किती उरलाय ते दाखवत नाहीत.

आता माळ्यावरची बॅटरी. अशा पॅकवर वर्षाने १२ किंवा त्याहून कमी दिसतं, चार्जर तिला घेतच नाही. इंटरनेटवर उपाय सापडतो: दुसऱ्या बॅटरीच्या वायरी दोन मिनिटं जोडून तिला 'जागं' करा. करू नका. सेल अडीच व्होल्टच्याही खाली बराच काळ राहिला की आतलं तांबं विरघळू शकतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. जागी झालेली बॅटरी त्या दिवशी चालते. पेट घेते ती नंतर, चार्जिंगला लावून घरचे झोपलेले असताना. पुढच्या वर्षी माळ्यावर टाकताना अर्धी चार्ज करून, मशीनमधून काढून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघा.

चार्जरबद्दल एवढंच की गोल पिनचे अॅडॉप्टर एकमेकांत बसतात. तीन सेलच्या पॅकला १२.६ व्होल्टचा चार्जर लागतो, त्यात २१ चा घुसवला तर आग लागू शकते. पिन बसली म्हणजे जोडी जमली असं नाही, चार्जरवरचा आउटपुट वाचा. चार्जिंग फरशीवर, डोळ्यासमोर करा. गादीवर नको, दाराच्या वाटेत नको.

७. ट्रिगर आणि कार्बन

दुसऱ्या बॅटरीवरही मशीन थांबतंय, तर दोष आत आहे. अर्ध्या दाबावर गप्प आणि पूर्ण दाबल्यावर फुल स्पीड असेल, तर स्विचमधला स्पीड सांभाळणारा भाग जळालाय. बऱ्याच स्विचमध्ये पूर्ण दाबल्यावर करंट त्या भागाला टाळून सरळ जातो, म्हणून तेवढंच चालतं. असं मशीन वापरत राहू नका, कारण हळू सुरू करायची सोयच उरलेली नसते. स्विच बदलावा लागतो.

मशीनवर 'ब्रशलेस' लिहिलेलं नसेल तर मोटरमध्ये कार्बन असतात, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासून झिजणारे छोटे ठोकळे (ब्रश). मागच्या जाळीतून जास्त ठिणग्या, जळका वास, ठोकल्यावर चालू होणं, ही कार्बन संपल्याची चिन्हं. कार्बन नेहमी जोडीने बदलतात. वायरच्या मशीनला बाहेरून झाकणं असतात, बहुतेक कॉर्डलेस ड्रिलला नसतात, म्हणजे बॉडी उघडावी लागते. वॉरंटी असेल तर उघडू नका. नसेल आणि हात बसलेला असेल तर बॅटरी काढून, आधी फोटो काढून उघडा. गिअर आणि ट्रिगरच्या स्प्रिंगा उडतात आणि मग लोक डब्यात सुटे भाग घेऊन येतात. मला चालतं, पण मजुरी वाढते.

इथे थांबा

बॅटरीचं कवच फुगलेलं किंवा तडकलेलं, गोडसर किंवा रसायनासारखा वास, पडून पडून गरम होणं, पाण्यात भिजलेली, उंचावरून पडल्यानंतर बिघडलेली: यातलं काहीही असेल तर चार्ज करू नका आणि उघडू नका. गॅलरीत किंवा गच्चीत, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा. धूर यायला लागला तर हातात घेऊन पळू नका. माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा.

पॅक उघडून सेल बदलणं हे घरचं काम नाही. सेल स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात, त्यांना घरच्या सोल्डरिंगची उष्णता सोसत नाही. दुकानात रिपॅक करून घेत असाल तर सेल कुठले ते विचारा. १८६५० जातीच्या सेलवर ९९०० एमएएच (साठवणक्षमता) छापलेलं दिसलं तर उठून निघा, त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. जुन्या लॅपटॉपचे सेलही नकोत. ते थोडा थोडा करंट बराच वेळ द्यायला बनवलेले असतात, ड्रिल अडलं की एका झटक्यात वीस-तीस अँपिअर मागतं. मग कटऑफ, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या लक्षणावर. जुनं बीएमएस तसंच ठेवणार की नवं घालणार, हेही विचारा. 'काढून टाकतो, कटकट नको' असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

मेलेली बॅटरी घंटागाडीत देऊ नका, सुक्या कचऱ्यातही नाही. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडला की पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात आधी विचारा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. देताना पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा आणि वर मार्करने 'खराब' लिहा, म्हणजे वाटेत कोणी चार्ज करून बघणार नाही.